यंत्रांची जोडी जमली, तपासण्यांची कधी?

दोन महिन्यांपूर्वी एक गृहस्थ पत्नीला घेऊन दवाखान्यात आले. बाईंच्या डाव्या स्तनात सुपारीएवढी गाठ होती. खुर्चीवर टेकण्याआधीच गृहस्थ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, किरकोळ तपासण्या नकोत. तो मोठा पेट-सीटी स्कॅनच लिहून द्या, एका दमात सगळं कळेल. पैशाचं मी बघतो." मी तो लिहून दिला नाही. ते थोडे नाराजच झाले. का दिला नाही, हे इतरांनाही कळावे म्हणून हा लेख.

पेट-सीटी ही दोन यंत्रांची जोडी आहे. सीटी म्हणजे क्ष-किरणांनी घेतलेले शरीराच्या चकत्यांचे चित्र. गाठ कोठे आणि केवढी, हे ते दाखवते. पण ती गाठ किती खवळलेली आहे, हे सांगत नाही. पेट तपासणीत किंचित किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेली साखर शिरेतून देतात. कर्करोगाच्या पेशी खादाड असतात. त्या ही साखर जास्त ओढून घेतात आणि चित्रात चमकतात. मात्र चमक नेमकी कोणत्या जागी, हे एकट्या पेटच्या धूसर चित्रावरून सांगणे अवघड. पूर्वी ही दोन चित्रे वेगवेगळ्या वेळी काढून एकमेकांवर ठेवीत आणि ती नीट जुळत नसत, कारण मधल्या काळात रुग्ण उठलेला, हललेला असे. डेव्हिड टाउनसेंड व रोनाल्ड नट यांनी यावर तोड काढली. १९९८ साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे त्यांचे पहिले जोडयंत्र सुरू झाले. युक्ती साधी होती : दोन्ही तपासण्या होईपर्यंत रुग्णाला टेबलावरून उतरू द्यायचे नाही.

स्तनाच्या बाबतीत ही अडचण अधिकच मोठी. मॅमोग्राफीत बाई उभी असते आणि स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबलेला असतो. सोनोग्राफीत ती उताणी असते, एमआरआयमध्ये पालथी. एकच गाठ तीन चित्रांत तीन जागी दिसते! म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी केवळ स्तनासाठी पेट व सीटी एकत्र करून यंत्र बनवले. बाई पालथी झोपते, टेबलाच्या छिद्रातून स्तन खाली सोडतात आणि तो न दाबता, न हलवता दोन्ही चित्रे घेतात. यंत्र जवळ असल्याने बारीक गाठही चांगली दिसू शकते. पण छातीलगतचा भाग आणि काख छिद्रातून नीट खाली येत नाहीत, तेथे त्याची नजर तोकडी पडते. यंत्र कितीही हुशार असले तरी त्याची एक मर्यादा असतेच.

आता आमच्या बाईंकडे वळू. सर्व शरीराच्या पेट-सीटीत एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ निसटू शकते. उलट साधी सूजही चमकून घाबरवू शकते. किरणांची मात्रा मॅमोग्राफीच्या अनेक पट असते. आणि एवढे करूनही "हा कर्करोगच" असे छातीठोक सांगता येत नाही. ते सांगते गाठीतून सुईने काढलेला तुकडा! रोग वाढलेला असेल, तो इतरत्र पसरला का हे पाहायचे असेल, तेव्हा पेट-सीटीचा मोठा उपयोग होतो. पहिल्या दिवशी मात्र तीनच गोष्टी लागतात : डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी व सोनोग्राफी, आणि सुईची तपासणी.

या तीन गोष्टी आपल्याकडे कशा होतात? माझ्या ओळखीतल्या एका शेतमजूर बाईंचे उदाहरण सांगतो. गाठ एका ठिकाणी तपासली. मॅमोग्राफीसाठी दुसऱ्या शहरात जायला तीन आठवडे गेले. तेथून सुईसाठी तिसरीकडे पाठवले. मध्ये सोयाबीनची काढणी आली, मग दिवाळी. शेजारणीने सांगितले, सुई लावली की गाठ चिडते. पाच महिन्यांनी त्या माझ्याकडे आल्या तेव्हा काखेतही गाठी झाल्या होत्या. (सुईमुळे गाठ चिडत नाही, रोग पसरत नाही, हे मी हात जोडून सांगतो.) या बाईंची गाठ पहिल्याच दिवशी हाताला लागली होती. त्यांना यंत्र कमी पडले नाही, मधले पाच महिने नडले.

जोडयंत्राच्या रचनेतून घ्यायचा धडा हाच आहे. दोन तपासण्यांच्या मधल्या फटीतून चूक शिरते, म्हणून ती फट बुजवायची. माझे स्पष्ट मत आहे की, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस स्तन तपासणीसाठी राखून ठेवावा. त्या दिवशी सर्जन, मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुई एकाच छपराखाली असावी, तपासणीला बाईमाणूस असावे, आणि सकाळी आलेली बाई तिन्ही गोष्टी उरकूनच संध्याकाळच्या एस.टी.ने घरी जावी. त्यासाठी परदेशी शोधाची वाट पाहावी लागत नाही.

हाताच्या तपासणीला कोणी कमी लेखू नये. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले : तेथे रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत असा फरक दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

तेव्हा भगिनींनो, न दुखणारी गाठ, बोंडातून रक्तासारखा स्राव, आत ओढले गेलेले बोंड, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा किंवा काखेतील गाठ, यांपैकी काहीही आढळले तर लाजू नका, थांबू नका. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

त्या गृहस्थांच्या पत्नीच्या तिन्ही तपासण्या आठवड्यात झाल्या. निदान कर्करोगाचेच आले, पण सुरुवातीच्या टप्प्यातले. शस्त्रक्रिया झाली, पुढचे उपचार चालू आहेत. पेट-सीटीची गरज पडली नाही.