मैलांचं काय घेऊन बसलात?

परवा पुन्हा तोच फोन. "अरे, जुनी मियाटा मिळतेय, फक्त ३०,००० मैल चाललेली! घेऊन टाकू?"

मंडळी, हे मैलांचं वेड आता पुरे! तो 'फक्त' ऐकला की मला धडकीच भरते.

माझदाची ही दोन सीटची, उघड्या छपराची गाडी १९८९ साली इथेच, शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. पण हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर टाकतात ते मीठ तिला अजिबात मानवत नाही. त्यात छपरावरचं पाणी सीटमागच्या दोन बारीक नळ्यांतून खाली जातं. पानाकचऱ्याने त्या तुंबल्या, की पाणी आतच मुरतं आणि दाराखालचा पत्रा आतून सडतो. वरून रंग मात्र चकचकीत! मीही त्या रंगाला भुलून एकदा फसलोय. गाडी लिफ्टवर चढवली तेव्हा कळलं.

म्हणून मैल नंतर बघा. आधी मागच्या चाकापुढचा पत्रा खालून दाबून बघा. कार्पेटखाली हात घाला. नळ्यांत पाणी ओता, ते खाली पडतंय का बघा. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. तो रबराचा असतो, नुसत्या वयानेही म्हातारा होतो. ६०,००० मैल झाले नाहीत म्हणून १९९२ चा बेल्ट काही तरुण राहत नाही.

झाकून ठेवलेल्या गाडीपेक्षा लाखभर मैल पळालेली, बिलांची फाईल जपलेली गाडी मी डोळे झाकून... छे, डोळे उघडे ठेवूनच घेईन!

असो. फोन करणाऱ्याने हे वाचलं असेलच.