आधीं नक्कल, मग दुरुस्ती

नाशिकच्या पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. गेल्या आषाढांत एका सायंकाळीं ती गेली, त्या वेळीं आमच्या पंचवटींतील घरचा संगणक नवें 'अपडेट' चढवून घेत होता. अर्ध्या तासानें वीज परत आली. संगणक मात्र परत आला नाहीं. निळा पडदा यावा, चार अक्षरें दिसावीं आणि पुन्हां सारें काळें व्हावें, असा प्रकार रात्रीं उशिरांपर्यंत चालला. घरांतील लहानथोर मंडळी त्याच्याभोंवतीं जमली. आमचे थोरले काका, आप्पा, तेवढे झोपाळ्यावरून उठले नाहींत. त्यांनीं आठ वर्षें खपून जुळविलेला आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत त्या यंत्रांत होता.

दुसऱ्या दिवशीं थोरल्या वहिनींनीं संगणक दुरुस्तीच्या दुकानांत नेला. तेथील तरुणानें दोन कळा दाबून पाहिल्या व सांगितलें, "फॉरमॅट मारावा लागेल, काकू. संध्याकाळीं घेऊन जा."

"आणि आंतलें सामान?"

"तें जाईल. त्याला इलाज नाहीं."

वहिनींनीं संगणक उचलला आणि त्याच रिक्षानें परत आणला.

या हट्टाला कारण होतें. चार वर्षांपूर्वीं असाच प्रसंग आला असतां हाच प्रश्न आम्हांस विचारला गेला होता, आणि आम्हीं कांहीं न समजतां 'हो' म्हटलें होतें. संगणक सायंकाळीं नव्यासारखा होऊन आला. पण आत्याबाईंनीं एका उन्हाळ्यांत म्हणून दाखविलेल्या जात्यावरच्या ओव्या, त्यांच्या आवाजासकट, पुसल्या गेल्या. आत्याबाई त्यापूर्वींच निवर्तल्या होत्या. कारागिराला आम्ही दोष देत नाहीं. त्यानें विचारलें होतें. होकार आमचा होता. असा होकार देण्यापूर्वीं प्रत्येक घरानें काय जाणून घ्यावें, तें येथें मांडीत आहों.

संगणकांत तीन निराळ्या वस्तु नांदतात. पहिली ऑपरेटिंग सिस्टिम. ती वाड्याच्या कारभाऱ्यासारखी. दुसरे प्रोग्रॅम, ते कारभाऱ्याच्या हाताखालचे कामकरी. तिसऱ्या आपल्या फाइली, म्हणजे पत्रें, हिशेब, छायाचित्रें. या माजघरांतल्या पेट्या. अपडेट अर्ध्यावर तुटलें कीं दुखापत होते ती बहुधा कारभाऱ्याला; पेट्या जागच्या जागीं असतात. फॉरमॅट करणें म्हणजे कारभारी आजारी पडला म्हणून सारा वाडा रिकामा करणें. दुकानदाराला तो मार्ग सोपा व खात्रीचा वाटतो, कारण पेट्यांत काय आहे हें त्याला ठाऊक नसतें.

कामकऱ्यांची मात्र एक अडचण आहे. त्यांची नेमणूक 'रजिस्ट्री' नांवाच्या कारभाऱ्याच्या वहींत नोंदलेली असते. म्हणून प्रोग्रॅमचें नुसतें फोल्डर दुसरीकडे उतरवून ठेवल्यानें सहसा भागत नाहीं. नवा कारभारी त्याला ओळखत नाहीं. मराठी घरांना ही अडचण विशेष जाचते. युनिकोड रुळण्यापूर्वीं पुष्कळसा मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती यांसारख्या फाँटांत टंकलिखित होत असे. त्यांत रोमन अक्षरांच्या जागींच देवनागरी आकार बसविलेले असत. तो फाँट गेला, तर फाइल शाबूत असूनहि पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. आप्पांचा कुलवृत्तांत अशाच एका जुन्या प्रोग्रॅममध्यें लिहिलेला, आणि त्याची मूळ तबकडी कधींच हरवलेली. तेव्हां फाइल वांचणें पुरेसें नव्हतें. प्रोग्रॅमहि वांचावयास हवा होता.

काम आमच्या पुतण्यानें हातीं घेतलें. त्याचा पहिला नियम हा, कीं दुरुस्तीआधीं नक्कल. लिनक्स भरलेली पेनड्राइव्ह लावून त्यानें तिच्यावरूनच संगणक सुरू केला व सर्व फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरविल्या. आजारी कारभाऱ्याला उठवावेंहि लागलें नाहीं. येथें दोन सूचना देतों. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर दुखणें कारभाऱ्याचें नसून वाड्याच्या भिंतींचें आहे. तेथें दुरुस्तीचे प्रयोग न करतां ती जाणत्याकडून उतरवून घ्यावी. दुसरें, डिस्कला बिटलॉकरचें कुलूप असेल तर ४८ अंकी किल्ली लागते. ती पुष्कळदां मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत जपलेली असते. त्या खात्याचा परवलीचा शब्द घरांत एकाच माणसाला ठाऊक असणें धोक्याचें होय.

मग सौम्य उपाय आधीं. विंडोज सुरू होतांना वारंवार अडलें, तर तें बहुधा स्वतःच दुरुस्तीचें पान उघडतें. तेथें 'स्टार्टअप रिपेअर' आहे, शेवटचें अपडेट काढण्याची सोय आहे, आणि 'सिस्टिम रिस्टोअर' आहे. रिस्टोअर आपल्या फाइलींना हात लावीत नाहीं. अलीकडे बसविलेले प्रोग्रॅम मात्र त्यानें जाऊं शकतात. आमच्याकडे अर्धवट अपडेट काढल्यावर संगणक उठला, पण लंगडत. मग पुतण्यानें 'डिझम' व त्यामागून 'एसएफसी' अशा दोन आज्ञा दिल्या. पहिली सिस्टिमच्या कोठारांतील मूळ प्रती नीट करते. दुसरी त्या प्रतींवरून बिघडलेल्या फाइली बदलते. त्यानें बरेंच सुधारलें, सारें नाहीं.

राहिला शेवटचा उपाय: जुन्या विंडोजवर तेंच विंडोज पुन्हां बसविणें. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून प्रत उतरवून तिचें 'सेटअप' चालू विंडोजच्या आंतूनच चालवावें; पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून बसविल्यास प्रोग्रॅम राखले जात नाहींत. पुढें काय ठेवावयाचें असा प्रश्न येतो. तेथें 'फाइली व ॲप्स' हा पर्याय निवडावा. भाषा किंवा आवृत्ति जुळत नसेल तर तो पर्याय फिका दिसतो व निवडतां येत नाहीं. तसें दिसल्यास पुढें जाऊं नये. योग्य प्रत आणावी. 'रिसेट' नांवाची दुसरी सोय 'माझ्या फाइली ठेवा' असें गोड बोलते, पण आपण बसविलेले प्रोग्रॅम काढून टाकते. त्या गोड बोलण्याला आम्ही भुललों असतों, तर कुलवृत्तांत घरांत असून वाचतां आला नसता. जुनी सिस्टिम 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरांत साधारणतः १० दिवस राहते. तेवढ्या अवधींत सर्व कांहीं उघडून पाहावें.

हें दुखणें केवळ घरगुती नव्हे. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटनें, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. त्या दिवशींहि इलाज फॉरमॅटचा नव्हता. सेफ मोडमध्यें शिरून ती एक सदोष फाइल पुसली, कीं बहुतेक संगणक उठत. ज्यांना बिटलॉकरची किल्ली सांपडेना, ते अधिक खोळंबले.

नाशिककरांना खरें म्हणजे ही गोष्ट नवी वाटूं नये. येथील क्षेत्रोपाध्यायांच्या घरीं यजमानांच्या पिढ्यानुपिढ्यांच्या वह्या आहेत. आप्पांनीं कुलवृत्तांतांतील कित्येक नांवें तेथूनच उतरविलीं. पान जीर्ण झालें म्हणून कोणी वही गोदावरींत सोडीत नाहीं. आधीं नवी प्रत उतरवितात.

रात्रीं दहाच्या सुमारास पुतण्यानें आप्पांना हांक मारली. फाइल उघडली, अक्षरें मराठींत होतीं. आप्पांनीं पानें सरकवीत आपल्या बहिणीचें नांव काढलें. त्यापुढें त्यांनीं पूर्वींच लिहून ठेवलें होतें: 'ओव्या पुष्कळ येत.' तें वाचून कोणी कांहीं बोललें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून वहिनी आठवतील तेवढ्या ओव्या लिहून काढूं लागल्या आहेत. अकरा झाल्या.

त्या दिवसापासून घरांत नेम केला आहे. दर एकादशीला फाइलींची नक्कल होते. तिची एक डिस्क घरीं व दुसरी पुण्याला लेकीकडे असते. तिथि अशी निवडली, कीं ती चुकवावी म्हटलें तरी साबुदाणा भिजत घालतांना आठवण होतेच.