आगाऊ पैशांची शिल्लक

रेल्वेच्या हिशेबावर कॅगने, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी, बोट ठेवले की एक बचाव हमखास पुढे येतो: नियमाबाहेर काही झालेले नाही, आलेली रक्कम आली त्या वर्षात धरली, एवढेच. हा बचाव मला मुळीच मान्य नाही.

२०१७-१८ साली रेल्वेने ऑपरेटिंग रेशो ९८.४४ दाखवला. म्हणजे शंभर रुपये कमावायला ९८ रुपये ४४ पैसे खर्च, आणि वर्षाअखेर १,६६५ कोटींची शिल्लक. एनटीपीसी आणि इरकॉन या सरकारी कंपन्यांकडून घेतलेले आगाऊ पैसे कॅगने बाजूला काढले, तेव्हा त्या शिल्लकीच्या जागी ५,६७६ कोटींची तूट निघाली आणि रेशो १०२.६६ झाला. २०१९-२० चा प्रकार याहून गंभीर. निवृत्तिवेतनाचा प्रत्यक्ष खर्च धरला असता तर ९८.३६ चा रेशो ११४.३५ वर गेला असता. रोखीच्या हिशेबात आगाऊ रक्कम जमा धरता येते, हे खरे. पण ती आगाऊ आहे हे त्याच पानावर, त्याच आकड्याशेजारी छापायला कोणता नियम आडवा येतो?

दुसरा युक्तिवाद असा की तपासायला कॅग आणि संसदेची लोकलेखा समिती आहेतच. आहेत; पण २०१७-१८ चा अहवाल संसदेत आला डिसेंबर २०१९ मध्ये. तोवर पुढच्या अर्थसंकल्पावर मतदान होऊन गेले होते. मत आधी आणि खरा आकडा नंतर, याला देखरेख कसे म्हणायचे?

स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प २०१७ पासून बंद झाला, याचे मला दुःख नाही. त्यात नव्या गाड्यांच्या घोषणा फार आणि हिशेब थोडा असे. मात्र मार्च २०२३ मध्ये लोकसभेने साऱ्या अनुदान मागण्या गोंधळात, चर्चेविना संमत केल्या. त्यात रेल्वेचीही होती.

आणि ‘हे लेखापालांचे काम, खासदारांचे नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांचे व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलातले १९०२ चे अर्थसंकल्पावरील भाषण वाचावे. फर्ग्युसन कॉलेजच्या या प्राध्यापकाने सरकारी शिल्लक ही भरभराटीची खूण नसून जादा करांची वसुली आहे, हे सरकारच्याच आकड्यांवरून दाखवले. तेव्हा कौन्सिलातल्या सभासदांना अर्थसंकल्पावर मत देण्याचाही अधिकार नव्हता. आज तो आहे.

म्हणून मागणी साधी आहे. मागण्या मतास टाकण्यापूर्वी आगाऊ रकमा वगळून आणि निवृत्तिवेतन पूर्ण धरून काढलेला रेशो अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत मूळ आकड्याशेजारी छापावा. राष्ट्रीय रेल संरक्षा कोषाचा खर्च बाबवार द्यावा. रूळ आणि सिग्नलसाठी उभारलेल्या या कोषातून पाय चेपायची यंत्रे आणि कपबश्या घेतल्याचे कॅगच्या २०२२ च्या अहवालात नोंदले गेले. बाबवार तक्ता आधीच हाती असता, तर हा प्रश्न खासदाराने सभागृहातच मंत्र्यांना विचारला असता.