शिपायाची विधवा आणि तिचा हक्क

म्हसळें-श्रीवर्धनच्या किनाऱ्याकडे जातांना वाटेंत माणगांव लागतें. तेथें नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. पळसगांवचे हे मराठा पलटणीचे वीर १० जुलै १९४४ रोजीं इटलींत पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुतळ्याला हार पडतात, भाषणें होतात, तें योग्यच आहे. परंतु आमचा सवाल निराळा आहे. शिपाई गेल्यावर त्याच्या घरची चूल कशावर पेटते, हें या किनाऱ्यावरील किती घरांना ठाऊक आहे?

कायदा अवघड नाहीं. शिपाई साध्या आजारानें वारला, तर विधवेला शेवटच्या पगाराच्या शेंकडा ३० पेन्शन. नोकरींत असतां वारला, तर पहिलीं १० वर्षें शेंकडा ५०. मृत्यु नोकरीच्या कारणानें आला, तर विशेष पेन्शन, शेंकडा ६०. लढाईंत पडला, तर पुरा पगार.

आतां पाहा! ३० आणि ६० यांमधील अंतर एका शेऱ्यावर अवलंबून असतें: मृत्यु नोकरीमुळें आला कीं नाहीं. तो शेरा उलट पडला कीं आमची भगिनी नशिबाला बोल लावून गप्प बसते. नशीब कसलें? लष्कराकडे अपील करतां येतें. तेथें न्याय न मिळाल्यास मुंबईस सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे.

दुसरा घात आमचा आम्हीच करतों. लग्नांत मुलीचें नांव बदलावयाचें ही आमची रीत. आधारवर माहेरचें नांव, पलटणीच्या दप्तरीं सासरचें, आणि मुलांच्या दाखल्यावर तिसरेंच! शिपाई हयात असतांना हें अर्ज करून दुरुस्त होतें. मागाहून विधवेला कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात, आणि ‘काम करून देतों’ म्हणणारा दलाल दारीं उभा राहतो. विम्याचीही तीच गत. लग्नाआधीं लिहिलेलें वारसाचें नांव तसेंच राहिलें, तर दुखवट्याच्या घरांतच भांडण पेटतें.

म्हणून शिपाई बंधूंना आमचें सांगणें आहे: सुट्टीवर आलांत कीं कागद पेटींत कुलूपबंद ठेवूं नका. बायकोपुढें उलगडा, वाचून दाखवा, तिचें नांव अक्षरन् अक्षर जुळतें कां तें पाहा. अलिबागेस जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. तेथें विचारावयास दलाल लागत नाहीं. आणि भगिनींनो, ही भीक नव्हे. तुमच्या माणसाच्या रक्तघामाची कमाई आहे. कागद वाचल्यावांचून, समजून घेतल्यावांचून त्यावर सही करूं नका. पुतळ्याला हार घालणारे पुष्कळ मिळतील; तुमचा कागद तुम्हांलाच वाचला पाहिजे.