बटन बदलताना वायर ओळखा

पावसाळ्यात भिंतीला ओल आली की जुनी बटनं चरचर वाजू लागतात. आमच्या वेरूळात वायरमन बोलावला तर तो "उद्या येतो" म्हणतो. मग घरातलंच कुणीतरी पेचकस घेऊन बोर्ड उघडतं. आत दोन वायरी, कधी दोन्ही लाल, कधी एक लाल एक काळी. काळी दिसली की आपण तिला न्यूट्रल समजतो, आणि गफलत तिथंच होते.

दिव्याच्या साध्या बटनावर न्यूट्रल येतच नाही. एक वायर करंट आणते, दुसरी तोच करंट बल्बकडे नेते. न्यूट्रल परस्पर होल्डरला जाते. म्हणजे बटन चालू असताना त्या काळ्या वायरीतही पुरते 230 व्होल्ट असतात.

रंगावर भरवसा ठेवता येत नाही. घरांत जुनी रीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. मिक्सर-इस्त्रीच्या वायरीत मात्र तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. थ्री-फेजच्या जुन्या रीतीत तर निळी हीसुद्धा एक फेजच. शिवाय उरलेल्या तुकड्यांत काम भागवणारे कारागीर कमी नाहीत.

म्हणून क्रम असा ठेवावा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये पेटवून पाहावा. मग मेन स्विच बंद, आणि इन्व्हर्टरही बंद. मेन पाडल्यावरही दिव्यांना तो करंट देत राहतो. आता बटनाच्या दोन्ही स्क्रूंवर टेस्टर लावावा. कुठंही पेटला तर हात लावू नये. शेवटी एक एक वायर जुन्यावरून काढून नव्यावर बसवावी. साध्या बटनात दोन वायरींची अदलाबदल झाली तरी बिघडत नाही. एका स्क्रूखाली दोन वायरी असतील तर त्या एकत्रच राहू द्याव्यात, पुढच्या बटनाचा करंट तिथूनच जातो. जिन्याच्या टू-वे बटनात तीन वायरी असतात. तिथं मधल्या स्क्रूच्या वायरीला आधी चिंधी बांधून खूण करावी.

बटन बंद असूनही होल्डरमध्ये करंट राहत असेल, तर कुणीतरी बटन न्यूट्रलवर बसवलंय. बल्ब बदलताना मुलांना शॉक बसतो तो अशाच घरांत. हे काम परवानाधारक वायरमनचं. त्यासाठी चार दिवस अंधारात काढावे लागले तरी चालेल. जान अल्लाहची अमानत आहे. तोवर बल्ब बदलायचा तर मेन पाडूनच, आणि हे घरातल्या भाभींना, मुलींनाही दाखवून ठेवावं.