यंत्राची रेघ आणि चित्रकाराचा वाटा

एअर इंडियाचा ‘महाराजा’ १९४६ साली जन्मला तो एका साध्या गरजेपोटी. कंपनीच्या वाणिज्य विभागाची धुरा वाहणारे बॉबी कूका यांना पत्रांच्या कागदावर छापण्यासाठी एक चित्र हवे होते. जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरातसंस्थेच्या मुंबई कचेरीतील चित्रकार उमेश राव यांनी ते रेखाटले. भरघोस मिशांचा, कमरेत लवून स्वागत करणारा हा गृहस्थ पुढे भित्तिपत्रकांवर, दिनदर्शिकांवर आणि पत्त्यांच्या कॅटांवर जाऊन बसला. १९६७ साली याच कंपनीने प्रवाशांना भेट देण्यासाठी साल्वादोर दाली यांच्याकडून रक्षापात्राचा आराखडा करवून घेतला. दालींनी मोबदला म्हणून हत्तीचे पिल्लू मागितले आणि कंपनीने ते स्पेनला धाडलेही!

संस्थेचे नाव मिरविणारे पेले, टोप्या, सदरे आणि पिशव्या आजही वाटल्या जातात. मात्र त्यांवरील चित्रासाठी आता कृत्रिम बुद्धिमत्तेला चार ओळींत मागणी सांगितली की घटकाभरात पन्नास नमुने हाती येतात. मग चित्रकार हवाच कशाला, असा प्रश्न व्यवस्थापकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याला भावनेच्या भरात उत्तर देऊन भागणार नाही. नक्कल या व्यवसायात पूर्वीही होती. शिवाय चित्रकाराचे मानधन न परवडणाऱ्या शाळेची किंवा पतसंस्थेची यंत्रामुळे सोय होते, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु यंत्राला मागणी सांगणारा माणूस स्वतःला कूकांच्या जागी समजतो आणि यंत्राला रावांच्या जागी बसवितो, तेथे गफलत होते. राव हे केवळ सांगकामे हात नव्हते. विमानकंपनीने ऐट न मिरविता स्वतःवरच थोडे हसावे, ही कल्पना चित्रात उतरली ती दोन माणसांच्या देवघेवीतून. यंत्र आजवर काढल्या गेलेल्या असंख्य चित्रांवरून संभवनीय आकृती जुळविते. ती सुबक असते. पण ती संस्थेच्या स्वभावाला शोभते की नाही, याची जबाबदारी यंत्र घेत नाही. चित्रकाराला ‘हे आपल्याला शोभणार नाही’ असे सांगता येते. यंत्र सहसा होकारच भरते.

कायद्यालाही हा पेच सुटलेला नाही. भारतात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कलाकृतीचा कर्ता म्हणून ती घडवून आणणारी व्यक्ती मानली गेली; पण चार ओळींची मागणी म्हणजे घडवून आणणे काय, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मानवी कर्त्यावाचून कृतिस्वामित्व नाही, असा निर्णय दिला. तेव्हा सर्वस्वी यंत्राकडून चित्र करवून घेणाऱ्या कंपनीला तेथे त्या चित्रावर कृतिस्वामित्वाचा हक्क सांगता येणार नाही. स्वस्ताईचा हिशेब मांडणाऱ्यांनी ही बाजूही वहीत धरावी.

खरा प्रश्न मात्र याहून जवळचा आहे. यंत्र शिकले ते चित्रकारांच्याच कामावरून, आणि बहुतेकांना त्याबद्दल कोणी विचारले नाही, की छदामही दिला नाही. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योगविषयक खात्याच्या समितीने अशा वापराबद्दल निर्मात्यांना स्वामित्वशुल्क मिळावे, असा प्रस्ताव मांडला. त्याची दिशा योग्य आहे. पण शुल्काने नवी पिढी घडत नाही. उपयोजित कलेचा विद्यार्थी पेले-बिल्ल्यांच्या किरकोळ कामांवरच हात बसवितो आणि गिऱ्हाईक ओळखायला शिकतो. ती पायरीच काढून घेतली, तर उद्याचा उमेश राव कोठून यावा? महाराजाही अखेर एका पत्राच्या कागदासाठीच काढला गेला होता.