गाव परक्याला सापडलं पाहिजे!

माझं एक साधं मत आहे. पहिल्यांदाच आलेला, भाषा न येणारा, खिशात बेताचे पैसे असलेला माणूस एखाद्या गावात कुणाला न विचारता किती लांब जाऊ शकतो, त्यावर त्या गावाचा मोठेपणा ठरतो. हे मत सेऊलमध्ये तयार झालं आणि जुन्नरला परत आल्यावर पक्कं झालं. 'आला मोठा फॉरेन रिटर्न!' म्हणणाऱ्या विंगमधल्या मंडळींनी जरा दम धरावा. मुद्दा आपल्या गावाचाच आहे.

काका कंपनीच्या कामानं दक्षिण कोरियात होते, म्हणून आठवडाभर जायचा योग आला. काका सकाळी कामावर जायचे ते रात्री परत. म्हणजे दिवसभर एकीकडे मी आणि दुसरीकडे नव्वद लाखांवर वस्तीचं शहर! कोरियन लिपीतलं एक अक्षर येत नव्हतं. पण पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की वाचता आलं नाही तरी आपल्याला मोजता येतंय.

तिथली मेट्रो १९७४ साली सुरू झाली. प्रत्येक लाईनला नंबर आणि रंग, आणि प्रत्येक स्टेशनला तीन आकडी नंबर. पहिला आकडा लाईनचा. म्योंगदोंग ४२४, पुढचं स्टेशन ४२५, मग सेऊल स्टेशन ४२६. नाव जिभेवर बसो न बसो, आकडा वाढतोय की कमी होतोय यावरून गाडी बरोबर दिशेला चाललीय का ते कळतं. स्टेशनातून बाहेर पडायच्या दारांनाही नंबर. 'तीन नंबरच्या दाराशी भेटू' एवढं ठरलं की काम झालं. वर्गात झोपेत ऐकलेलं अ‍ॅड्रेसिंग मला तिथल्या प्लॅटफॉर्मवर समजलं!

कुणी म्हणेल, नवं आखीव शहर असेल, त्यांना काय अवघड? तसं नाही. सेऊल १३९४ पासून राजधानी आहे. पूर्वी तिथले पत्ते जमिनीच्या गट नंबरावरून असत, त्यामुळे लागून असलेल्या दोन घरांचे नंबर एकमेकांशी जुळतीलच असं नसे. मग त्यांनी सगळ्या देशात रस्त्यांना नावं दिली, घरांना नव्यानं नंबर दिले आणि २०१४ पासून हेच पत्ते सक्तीचे केले. दर २० मीटरला दोन नंबर, डावीकडे विषम, उजवीकडे सम. म्हणजे ४२ नंबरचं घर रस्त्याच्या सुरुवातीपासून साधारण ४२० मीटरवर. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला टेप घेऊन उन्हात उभं राहिलेल्यांना यातली गंमत कळेल.

आता आपल्याकडे या. समजा, बाहेरच्या माणसाला 'आंबेगाव'ला जायचंय. पुण्यात चौकशी केली तर कुणीतरी त्याला खुशाल कात्रजजवळच्या आंबेगाव बुद्रुकला पाठवून देईल. तिथून सुटून तो आपल्या तालुक्यात आला, तरी ज्या गावाच्या नावावर तालुका आहे ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली! कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला. 'भीमाशंकर'चंही तेच. ज्योतिर्लिंग डोंगरात पार तिकडे, आणि जुन्नरजवळ मानमोडीच्या डोंगरातल्या एका लेणीसमूहाचं नावही भीमाशंकरच. रस्ता विचारावा तर उत्तर ठरलेलं: "हे काय, इथंच पुढं." हे 'इथंच पुढं' कधी अर्धा किलोमीटर असतं, कधी दहा.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच कारणानं. परक्याची सोय बघणं ही आपल्या मुलखाची जुनी रीत आहे. कल्याणकडून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वी कातळात पाण्याची टाकी खोदली, टेकायला लेणं कोरलं. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये यवनांची नावं आहेत, म्हणजे परदेशी लोक इथे नुसते आले नाहीत, तर रमले. आणि नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी चक्क आकड्यांत लिहिलेत. भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांत त्यांची गणना होते. ज्या मुलखानं आकडे कातळावर कोरले, त्याच मुलखात आज घाटाकडे जाणारा माणूस कुठल्या फाट्याला वळायचं म्हणून फोनला रेंज शोधत फिरतो!

यावर आमच्या आजोबांचं म्हणणं असं, की वाट विचारण्यात गोडी असते, चार शब्द होतात, ओळख होते. त्यांचं खरं आहे. सेऊलमध्ये तासन् तास मी कुणाशी एक अक्षर बोललो नाही, हेही खरं. पण ग्वांगजांग बाजारात एका आजीबाईंनी जात्यावर दळलेल्या मुगाचं धिरडं तव्यावर टाकलं, तेव्हा आम्ही दोघं हातवारे करून भरपूर बोललो. कारण मी हरवलेला नव्हतो, घाबरलेलो नव्हतो. वाट ठाऊक असलेला माणूस हौसेनं बोलतो, हरवलेला माणूस नाइलाजानं. रात्री स्टँडवर एकटीच उतरलेली फर्स्ट इयरची मुलगी, नारायणगावला टोमॅटो भरायला आलेला आणि देवनागरी न येणारा ड्रायव्हर, ज्याला ऐकू येत नाही असा प्रवासी, यांना विचारण्यातली गोडी आपण कशी सांगणार?

जुन्नर २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. उद्या रांजणगावच्या कारखान्यातला एखादा कोरियन इंजिनीअर रविवारी लेण्याद्री बघायला निघाला, तर त्याला मेट्रो नको आहे. त्याला आकडे हवेत. जुन्नर ते नाणेघाट रस्त्यावरच्या फाट्यांना ओळीनं १, २, ३ नंबर द्या. लेण्यांच्या प्रत्येक समूहाला एक रंग द्या. पाटी मराठीतच राहू दे, तीही ठळक. सेऊलमध्येही कोरियन अक्षरंच आधी दिसतात. शेजारी आकडा आणि उरलेलं अंतर लिहा. खर्च किती? रंगाचे दोन-चार डबे. काम कुणाचं? परवानगी द्यायची ती ग्रामपंचायतींनी, पण मोजणी आणि नकाशा आपण सिव्हिल-कॉम्प्युटरवाल्यांनी एका सुट्टीत करून देण्यासारखा आहे. सरांनी मनावर घेतलं तर प्रोजेक्टही होईल.

आणि सुरुवात घरापासून करू. 'वर्कशॉपच्या मागं, आंब्याच्या झाडापाशी डावीकडे' हा आपल्या मेसचा अधिकृत पत्ता. अ‍ॅडमिशन सुरू व्हायच्या आत गेटपासून मेसपर्यंतच्या वळणांना नंबर टाकून टाकू. नवीन पोरं निदान जेवायला तरी वेळेवर पोचतील!